सक्तीचा थांबा आणि विनंती थांबा

एस. टी.ने प्रवास करणाऱ्याला थांब्यांचे दोन प्रकार ठाऊक असतात. एक, जिथे गाडी उभी राहिलीच पाहिजे असा. आणि दुसरा, ज्याच्या पाटीवर ‘विनंती थांबा’ असे लिहिलेले असते. समुद्राच्या तळाकडून वर येणाऱ्या पाणबुड्यालाही वाटेत असेच दोन प्रकारचे थांबे असतात, आणि त्यांची सूचना देणारे घड्याळाएवढे यंत्र त्याच्या मनगटावर असते. त्याला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. पंचाईत अशी की दोन्ही थांबे पुष्कळदा जवळजवळ एकाच खोलीवर येतात आणि दोन्हींच्या वेळी पडद्यावर मिनिटांचे आकडेच दिसतात. पण एक चुकला तर बहुधा काही बिघडत नाही. दुसरा चुकला तर माणूस जन्माचा पांगळा होऊ शकतो.

मुळात थांबायचे कशासाठी? हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. जमिनीवर तो आपल्याला ना उपयोगी ना अपायकारक. पण पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. ३० मीटरवर तो चौपट होतो. त्या दाबाची हवा श्वासात घेतली की नायट्रोजन रक्तात, चरबीत, सांध्यांत विरघळत जातो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी आत ढकलली की फसफसून फेस वर येतो. तीच बाटली हळूहळू झिरपू दिली तर वायू निघून जातो आणि बुडबुडा म्हणून दिसत नाही. माणसाचे शरीर म्हणजे अशी बाटली, आणि थांबा म्हणजे ते हळूहळू झिरपू देणे.

हे ज्ञान हौशी पाणबुड्यांनी मिळवलेले नाही. ते मजुरांच्या हाडांतून आले आहे. अमेरिकेत सेंट लुई येथे मिसिसिपी नदीवर इड्स पूल बांधताना, १८७० च्या सुमारास, पात्राखालच्या बंद कोठीत दाबाची हवा भरून मजूर खाली उतरवीत आणि ते पाया खणीत. काम संपवून बाहेर पडले की त्यांचे सांधे धरत, पाय लुळे पडत. डझनाहून अधिक मजूर मेले. तेथले डॉक्टर जॅमिने स्वतः २ तास ४५ मिनिटे खाली राहिले आणि साडेतीन मिनिटांत दाब उतरवून बाहेर आले; त्यांनाही पक्षाघाताने गाठले. पण त्यांनी दोष दिला तो थकव्याला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलावर पुढे तेच घडले. मे १८७२ मध्ये तिथल्या कोठीतील मजुरांनी मजुरी वाढवून मागण्यासाठी संप केला. त्याच वर्षी मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग यांनाही या रोगाने अंथरुणाला खिळवले. दाब सावकाश उतरवायला लागणारी मिनिटे कोणाच्या पाळीत धरायची, हा प्रश्न तेव्हा कोणी नीट विचारलाच नव्हता. माझा जन्म पाळ्यांच्या वादात गेला, म्हणून मला तो आधी दिसतो.

खरे कारण १८७८ साली फ्रान्सच्या पॉल बेर यांनी दाखवले : नायट्रोजनचे बुडबुडे. उपाय ब्रिटनच्या जॉन हॉल्डेन यांनी शोधला. बोकड-शेळ्यांवर प्रयोग करून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९०८ मध्ये कोष्टके छापली. त्यांच्या मते सर्व शरीर एका वेगाने नायट्रोजन घेत नाही. काही भाग पाच मिनिटांत अर्धे भरतात, काहींना ७५ मिनिटे लागतात. म्हणून वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे. कारखान्यातल्या हजेरीपटाप्रमाणे प्रत्येक भागाचे खाते वेगळे ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

आजचे यंत्र तेच करते, फक्त अधिक बारकाईने. दर काही सेकंदांनी ते खोली आणि वेळ टिपते. झुरिकच्या बुलमान यांच्या पद्धतीत सोळा खाती असतात. सर्वांत संथ खाते अर्धे भरायला दहा तासांहून अधिक लागतात. जोवर कोणतेही खाते मर्यादेबाहेर गेलेले नाही, तोवर पडद्यावर ‘अजून इतकी मिनिटे’ असे दिसते. म्हणजे तेवढ्यात निघाल्यास सावकाश पण न थांबता वर येता येईल. ३० मीटरवर ही सवलत सुमारे २० मिनिटांची असते. ती संपली की यंत्राची भाषा बदलते. आता ते ‘छत’ सांगते : इतक्या खोलीच्या वर यायचे नाही. हाच डीकॉम्प्रेशन स्टॉप, म्हणजे सक्तीचा थांबा. तो बहुधा तीन-तीन मीटरच्या पायऱ्यांनी असतो : ९, ६, ३. त्याची मिनिटे घड्याळाची नव्हेत, हिशेबाची असतात. ठरल्यापेक्षा खोल रेंगाळलात तर ती वाढतात. छत मोडून वर आलात तर यंत्र शिट्टी मारते, आणि काही यंत्रे तर रुसून एक-दोन दिवस हिशेब द्यायचेच नाकारतात.

सेफ्टी स्टॉपचे तसे नाही. कोणतेही खाते मर्यादेबाहेर नसतानासुद्धा पाच मीटरच्या आसपास तीन मिनिटे थांबावे, ही सावधगिरी आहे. मर्यादेच्या आत राहूनही रक्तात बारीक बुडबुडे होतात, हे ध्वनिलहरींच्या तपासणीत दिसले. थोडा वेळ थांबल्यास ते कमी होतात असेही आढळले, आणि १९८० च्या दशकाअखेरीस ही रीत सर्वत्र रूढ झाली. यंत्र इथे केवळ तीन मिनिटांचे घड्याळ उलटे मोजते. पट्ट्याबाहेर गेलात तर बहुतेक यंत्रे मोजणी थांबवतात आणि परत आलात की पुढे चालू करतात. सोडून दिलात तर दंड नाही. तरी तो सोडू नये, कारण शेवटच्या १० मीटरमध्येच दाब निम्मा होतो, आणि घाई इथेच सर्वांत महाग पडते.

भेद कसोटीला लागतो तो हवा संपत आली की. जोडीदाराची टाकी रिकामी झाली, तर सेफ्टी स्टॉप सोडून दोघांनी मिळून सावकाश वर यावे. बुडण्यापेक्षा ते बरे. सक्तीचा थांबा मात्र सोडता येत नाही, म्हणून त्याची हवा पाण्यात उतरण्यापूर्वीच बाजूला ठेवायची असते. ज्याने ती ठेवलेली नाही, त्याने सवलतीची मिनिटे संपण्यापूर्वीच माघारी फिरावे. आपल्या तारकर्लीला सुट्टीत जाणारे वाटाड्याचा हात धरून उथळ पाण्यात उतरतात. त्यांच्यावर हा प्रसंग सहसा येत नाही. मुंबई हायच्या तेलविहिरींवर पोटासाठी खोल उतरणाऱ्यांची गोष्ट निराळी. ते जहाजावरच्या दाबाच्या कोठीत दिवसेंदिवस राहतात, आणि शेवटी त्यांचा दाब उतरवायला साधारण ३० मीटरला एक दिवस, शिवाय वर एक दिवस लागतो. त्यांचा सगळा थांबा पगारी पाळीत येतो, म्हणजे सेंट लुईच्या मजुरांना जे मिळाले नाही ते.

एक गोष्ट यंत्राला कळत नाही. ते मनगटाची खोली मोजते, माणसाला मोजत नाही. अंगात थंडी भरली आहे का, रात्रीची झोप झाली आहे का, पोटात पाणी पुरेसे आहे का, वय किती, हे त्याच्या गावीही नसते; त्याने धरलेला माणूस सरासरीचा, काल्पनिक आहे. म्हणून जाणते पाणबुडे यंत्राची मर्यादा मुद्दाम अधिक कडक लावतात. जोडीच्या दोन यंत्रांनी वेगळे आकडे दाखवले, तर दोघेही ज्यात जास्त थांबायला सांगितले असेल त्याचेच ऐकतात. आणि सक्तीचा थांबा घेऊन बाहेर पडल्यावर विमानात बसण्यापूर्वी एक पूर्ण दिवस तरी जाऊ देतात, कारण विमानात दाब आणखी उतरतो आणि उरलेला नायट्रोजन तेव्हाही अंगात असतो.