मासे धरायला मुक्कामी जाताय? महागडा तंबू नको, जागा नीट निवडा

जालना : निम्न दुधनाच्या बॅकवॉटरला किंवा गोदावरीच्या बंधाऱ्यांवर गळ टाकायला जाणाऱ्यांना महागड्या तंबूची गरज नसते. दिवसापुरतं जायचं असेल तर शेतातली ताडपत्री, दोन बांबू आणि दोरी पुरे. वाऱ्याकडची बाजू खाली बांधावी, दुसरी उंच ठेवावी.

मुक्काम असेल तर गणित बदलतं. साप-विंचू जमिनीवरून येतात. त्यामुळे खालून शिवलेली, चेन असलेली घडीची मच्छरदाणी घ्यावी आणि वरून ताडपत्री ताणावी. दव आणि पाऊस दोन्ही अडतात. आत शेगडी मात्र पेटवू नये. कोंडलेल्या धुराने झोपेतच जीव जाऊ शकतो.

सगळ्यात महत्त्वाची ती जागा. वरून पाणी सोडलं की नदीपात्र रात्रीतून भरतं, म्हणून पात्रात झोपू नये. काठावर उंचवटा बघावा. विजेपासून ना तंबू वाचवतो, ना झाड. गडगडाट ऐकू येताच पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जावं. निघण्याआधी ‘दामिनी’ ॲपवर विजेचा इशारा पाहावा. साप चावलाच तर वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.