आडनावातला हरवलेला 'ळ'



माझ्या दवाखान्यात मी नव्या रुग्णाला आजी-आजोबांचे आजार विचारतो. तेव्हा आजार कळण्याआधी आडनावाचाच घोळ निघतो. कार्डावर 'काले', बोलण्यात 'काळे'. कार्डावर 'शितोले', घरात 'शितोळे'.

1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ इथे पडला, त्याचेच लष्कर झाले. त्यांच्याबरोबर आणि मागाहून आपली घराणी आली. खुद्द राजघराण्याचे पाहा. साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे इथे 'सिंधिया' झाले. वस्ती मात्र आजही 'शिंदे की छावनी'च.

हे बदल तीन पायऱ्यांनी होतात. जुनी दप्तरे मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे दाखवत नाहीत आणि शब्द सलग लिहितात. म्हणून आडनाव कुठे संपले ते वाचणाऱ्याने ठरवायचे. हिंदी कारकुनाच्या लेखणीत 'ळ' नाही, तो 'ल' लिहितो. इंग्रजीत ट-त आणि ड-द यांना एकच अक्षर. त्यावरून पुन्हा देवनागरीत उतरवले की 'डांगे' सहज 'दांगे' होतात. पोलंडमधून अमेरिकेत गेलेल्यांचीही हीच गत. त्यांच्या लिपीत 'ल'वर तिरकी रेघ असली की उच्चार 'व'च्या जवळ जातो. तिकडे रेघ गळाली आणि नातवंडे साधा 'ल' म्हणू लागली.

आता घरचेच सांगतो. आम्ही कोल्हापूरकडचे जैन, आडनाव मगदूम. आजोबा व्यापारासाठी इकडे आले. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी इथल्या रिवाजाप्रमाणे 'जैन' लिहिले. धाकट्या काकांच्या दाखल्यावर 'मखदूम' पडले. सख्खे भाऊ, पण कागदावर परके. आजोबांच्या घराची वाटणी करायची वेळ आली, तेव्हा काकांच्या मुलाला वारस म्हणून उभे राहता येईना. दोन घरांत बोलणे बंद झाले, ते अकरा वर्षे.

उलगडा आजीच्या पितळी घागरीने केला. काठावर ठोक्यांनी नाव घातले होते: आजोबांचे नाव, 'मगदूम', आणि गाव नांदणी. त्या गावच्या जुन्या दाखल्यांत आजोबा आणि दोघेही मुलगे एकाच पानावर सापडले. वडील तोवर गेले होते. काकांनी ते पान वाचले आणि घागर मांडीवर घेऊन बराच वेळ बसले.

तेव्हा शोध घेताना आडनावाच्या मागे लागू नका. जे बदलत नाही ते धरा. मूळ गाव, कुलदैवत, देवक किंवा गोत्र, आजीचे माहेर. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या त्यांच्या गावासह नोंदलेल्या असतात. लग्नपत्रिका, भांडी, पोथीच्या शेवटच्या पानावरची सही पाहा. एका आडनावाची जितकी रूपे होऊ शकतील तितकी आधी कागदावर मांडा, मग कचेरीत जा. आणि एका कागदावर विसंबू नका. दोन वेगळ्या ठिकाणचे पुरावे जुळले तरच नाते माना.

मुख्य म्हणजे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला याच आठवड्यात विचारा. कागद थांबतो, माणूस थांबत नाही.