जुना संगणक, नवा प्रिंटर आणि पेढीचा हिशेब

सांगलीच्या हळदबाजारात असो वा कोल्हापूरच्या गूळपेठेत, जुन्या पेढीच्या कोपऱ्यात अजूनही एखादा पिवळट पडलेला संगणक दिसतो. वीस-पंचवीस वर्षांची खाती, उधारी आणि येणे-देणे त्याच्या पोटात असते. मुले म्हणतात, नवा घेऊ. परंतु डॉसच्या काळातील १६ बिटचा हिशेबाचा प्रोग्रॅम ६४ बिट विंडोजवर थेट चालत नाही. ती सोयच त्या प्रणालीत ठेवलेली नाही. म्हणून जुना संगणक जागेवर राहतो आणि एके दिवशी, ऐन हंगामात, त्याचा बिले छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर बंद पडतो.

नवा प्रिंटर आणला जातो. खोक्यावर लिहिलेले असते : विंडोज १० व ११ साठी. विक्रेता सांगतो, ‘‘शेठ, हा तुमच्या एक्सपीवर चालायचा नाही. संगणकच बदला.’’ येथे क्षणभर थांबणे हिताचे ठरते. ‘चालणार नाही’ आणि ‘चालेल अशी हमी आम्ही देत नाही’ या दोन विधानांत बरेच अंतर आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबविली. त्यानंतर बाजारात आलेल्या यंत्रासाठी एक्सपीचा ड्रायव्हर लिहिण्यात उत्पादकाला लाभ नाही, म्हणून तो लिहीत नाही. यंत्र अक्षम असते असे नाही.

अडचण नेमकी कोणत्या सांध्यावर आहे, हे शोधणे हाच यावरचा उपाय. पहिला सांधा जोडणीचा. जुन्या संगणकाच्या मागे २५ छिद्रांचा पॅरलल पोर्ट असतो. आजही काही डॉट मॅट्रिक्स प्रिंटरना यूएसबीबरोबर ही जुनी जोडणीही असते. खरेदीपूर्वी एवढे पाहिले, तर निम्मा त्रास वाचतो.

दुसरा सांधा ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि यंत्र यांच्यातील दुभाषा. बहुतेक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर एप्सनने रूढ केलेली आज्ञाभाषाच समजतात. एक्सपीमध्ये एप्सनच्या जुन्या प्रिंटरांचे ड्रायव्हर मुळातच असतात. शिवाय केवळ अक्षरे छापणारा ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ हा ड्रायव्हरही असतो. त्यांपैकी एक निवडला, की पुष्कळदा ‘न चालणारा’ प्रिंटर पहिले बिल छापून देतो.

तिसरा सांधा जुन्या प्रोग्रॅमच्या सवयीचा. डॉसचा प्रोग्रॅम मजकूर पाठवतो तो थेट एलपीटी१ या पोर्टकडे; यूएसबी त्याला ठाऊकच नाही. अशा वेळी प्रिंटर नेटवर्कवर सामायिक करून ‘नेट यूज’ या आज्ञेने एलपीटी१ चा मजकूर त्याच्याकडे वळविता येतो. पेढीच्या संगणकाची देखभाल करणाऱ्या जाणकाराला हे काम नवे नाही.

प्रत्येक यंत्राच्या बाबतीत मात्र असे साधत नाही. अनेक स्वस्त लेझर प्रिंटर स्वतः अक्षरे जाणत नाहीत. पानाचे संपूर्ण चित्र विंडोजने तयार करून द्यावे लागते. त्यांच्यापुढे डॉसचा साधा मजकूर व्यर्थ. तेथे हट्ट न धरता यंत्र परत करणे शहाणपणाचे.

प्रिंटरपेक्षा मोठा धोका हार्ड डिस्कचा. जुनी आयडीई डिस्क कुरकुरू लागली, तर साटा पद्धतीची नवी डिस्क अडॅप्टर लावून बसविता येते. पण जुनी यंत्रणा २८ बिटांचा पत्ता वापरते. ५१२ बाइटचा एक कप्पा धरला, तर तिची नजर १३७ जीबीपर्यंतच पोहोचते. त्यापलीकडची मोठी डिस्क जोडली, तर प्रसंगी नवा मजकूर जुन्यावर लिहिला जाऊन खाती बिघडू शकतात. १२० जीबीची एसएसडी या मर्यादेच्या आत राहते, म्हणून ती निवडणे सुरक्षित.

यासाठीच कामाचा क्रम महत्त्वाचा. पेचकस हाती घेण्यापूर्वी संपूर्ण डिस्कची प्रत काढावी. ती दुसऱ्या संगणकावर उघडून वर्षभराचा एखादा खातेउतारा ताडून पाहावा. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच. ड्रायव्हर अनोळखी ठिकाणाहून उतरवू नये. त्याच्या आडून विषाणू येतात. एक्सपीचा संगणक इंटरनेटला तर मुळीच जोडू नये. बँकेचे व्यवहार आणि जीएसटीची विवरणपत्रे नव्या संगणकावरच व्हावीत.

अखेर प्रश्न यंत्राचा नसून नोंदीचा आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. अपील किंवा चौकशी चालू असेल, तर त्याहूनही अधिक काळ. म्हणून जुन्या संगणकाला दिलेले नवे आयुष्य ही सवलतीची मुदत समजावी. त्या मुदतीत खातेउतारे कागदावर आणि साध्या मजकुराच्या फाइलींत काढून घ्यावेत, नव्या प्रणालीत आरंभीच्या शिलका भराव्यात आणि दोन्हींचा ताळेबंद जुळवावा. तो पै-पैशाने जुळला, की त्या संगणकाला निवृत्त करण्यास हरकत नाही. आधी नव्हे.