पणजोबा सत्यशोधक होते काय?

मच्छे हे बेळगावच्या दक्षिणेस, खानापूर रस्त्यावरील गाव. तेथे काय, किंवा तिकडे निपाणीच्या बाजूस काय, एखाद्या घरातील वडीलधारी माणसे सांगतात, "आमचे पणजोबा सत्यशोधक होते." अधिक विचारावे तर उत्तर येते, "त्यांच्या लग्नाला भटजी नव्हता." एवढ्या धाग्यावरून शोध घ्यावयाचा तर तो कसा घ्यावा?

जोतीराव फुले यांनी पुण्यास २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. देव आणि भक्त यांच्यामध्ये मध्यस्थ नको, ही त्याची मूळ भूमिका. पुढे १९११ पासून शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात या चळवळीस नवा जोर आला आणि शेजारच्या निपाणी-बेळगाव भागातही तिचे वारे पोहोचले.

परंतु भटजी नव्हता, हा पुरावा एकटा पुरेसा नाही. घराणे लिंगायत असेल तर लग्न जंगमांनीच लावलेले असावयाचे. घराणे मराठा असेल आणि लग्न १९२० नंतरचे असेल, तर ते क्षात्रजगद्गुरूंच्या परंपरेतील मराठा पुरोहिताने वेदोक्त मंत्रांनी लावलेले असणेही शक्य आहे. तेथे पुरोहित बदलला, पौरोहित्य गेले नाही. सत्यशोधक लग्नात मराठी मंगलाष्टके म्हणत आणि वधूवर एकमेकांस वचने देत. घरातील म्हाताऱ्यांना विचारावयाचे ते हे.

दुसरी वाट कज्जेदलालीची आहे, आणि माझ्या मते तीच अधिक फलदायी. गावच्या जोशास न बोलावता कार्य उरकले तरी आपला वतनी हक्क बुडाला म्हणून तो दिवाणी दावा लावीत असे. जुन्नरजवळील ओतूरचे असे एक प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले होते. १९२६ साली मुंबई इलाख्यात कायदा होऊन न बोलावलेल्या पुरोहिताची ही दक्षिणा बंद झाली, आणि बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. तेव्हा त्यापूर्वीच्या लग्नाचा माग काढताना फडताळातील मोडी कागद रद्दीत घालू नयेत. त्यात एखादे समन्स सापडावयाचे! कोल्हापूर मात्र निराळे संस्थान असल्याने तिकडील दप्तर कोल्हापूरच्या पुरालेखागारात पाहावे लागते.

तिसरे साधन वृत्तपत्रे. बेळगावचे 'राष्ट्रवीर', पुण्याचे 'विजयी मराठा', मुकुंदराव पाटलांचे 'दीनमित्र' यांच्या जुन्या अंकांत सभांची वृत्ते, लग्नांच्या हकीकती शोधाव्यात. देशी पत्रांतील मजकुराचा सरकारने काढलेला साप्ताहिक गोषवाराही मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहता येतो.

नाव सापडले की घरात आनंद होतो, आणि तो रास्तच आहे. पण एप्रिल १९२५ मध्ये निपाणीस डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली होती. भटजीला नकार देणाऱ्या या पणजोबांनी त्या काळी आपल्या विहिरीवर कोणाकोणास पाणी भरू दिले, हेही आजीला विचारून घ्यावे. कागदात ते बहुधा लिहिलेले नसते, आणि आजी ते सांगताना थोडी थांबेल.