एका ओळीवर दहा जण

कमोडोर ६४ हा १९८२ साली अमेरिकेत बाजारात आलेला घरगुती संगणक. टीव्हीला जोडायचा, चालू करायचा आणि बेसिक भाषेतल्या आज्ञा सरळ टंकायला लागायचं. त्यावर चालणारा एक प्रोग्राम अवघ्या एका ओळीचा आहे. देवनागरीत लिहायचा तर असा:

१० प्रिंट सीएचआर$(२०५.५+आरएनडी(१)); : गोटू १०

‘रन’ म्हटलं की पडद्यावर तिरप्या रेघा उमटू लागतात आणि बघता बघता भुलभुलैया तयार होतो. थांबवेपर्यंत तो वाढतच राहतो. २०१२ साली एमआयटी प्रेसने या ओळीवर अख्खं पुस्तक काढलं. पुस्तकाचं नाव हीच ओळ, आणि लेखक दहा. त्यांत एमआयटीचे निक माँटफर्ट, लेखनकला शिकवणारे मार्क मरिनो, संगणकशास्त्रातले मायकेल माटेआस, कलावंत आणि प्रोग्रामर केसी रीस, शिवाय एक ग्रंथपालसुद्धा. प्रकरणं वाटून न घेता सगळ्यांनी मिळून एका आवाजात लिहिलं. विद्यापीठांतला ‘नवमाध्यमे’ हा विषय हाताने नेमकं काय करतो, हे बघायला यापेक्षा सोयीचं उदाहरण मला माहीत नाही.

आधी ओळ वाचू. सुरुवातीचे १० म्हणजे ओळीचा क्रमांक. आरएनडी शून्य ते एकच्या मधली कुठलीही संख्या देतं. ती २०५.५ मध्ये मिळवली की बेरीज २०५.५ आणि २०६.५ यांच्या दरम्यान पडते. सीएचआर$ अपूर्णांक टाकून देतं, म्हणून उरतात फक्त २०५ किंवा २०६, आणि दोघांची शक्यता सारखी. कमोडोरच्या चिन्हसंचात २०५ म्हणजे डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ, २०६ म्हणजे चढणारी. अर्धविराम सांगतो की पुढचं चिन्ह शेजारीच छाप. गोटू १० पुन्हा सुरुवातीला नेतं. संपलं.

इथवर कुठलाही प्रोग्रामर येईल. अभ्यासक यापुढे ओळ मोडायला घेतो. अर्धविराम काढला, तर दर रेघ नव्या ओळीवर जाते. उरतो एक बारीक उभा पट्टा, भुलभुलैया नाहीसा. २०५.५ च्या जागी २०५.२५ घातले, तर चारातल्या तीन रेघा एकाच दिशेने कलतात आणि पावसाची झड लागल्यासारखं दिसतं. जुन्या पोथीचे पाठभेद शेजारी ठेवून वाचावेत तसं हे काम आहे. फरक इतकाच की इथे पाठभेद आपणच पाडायचे आणि चालवून बघायचे.

मग हीच ओळ दुसऱ्या यंत्रावर न्यायची. आजच्या संगणकावर नेहमीच्या दोन तिरप्या रेघा छापल्या तर त्या बहुधा एकमेकींना टेकतच नाहीत, भिंतींना फटी पडतात. कमोडोरचं प्रत्येक चिन्ह आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसतं आणि या रेघा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जातात. चौकटी एकमेकींना चिकटून, एका आडव्या रांगेत चाळीस. म्हणजे भुलभुलैयाचं निम्मं श्रेय ओळीचं, निम्मं त्या पडद्याचं. लेखकांनी ही ओळ अटारी व्हीसीएस या खेळयंत्रावरही नेली. तिथे अक्षरंच नाहीत आणि कामाची स्मृती फक्त १२८ बाइट, त्यामुळे एका ओळीचं काम भलतंच लांबलं.

सर्वांत गंमत ‘यदृच्छे’ची. कमोडोर नुकता चालू करून ही ओळ टंकली, तर आरएनडी(१) दरवेळी त्याच क्रमाने त्याच संख्या देतं, कारण यंत्राची सुरुवातीची बीजसंख्या ठरलेली असते. अनंत वाटणारा तो भुलभुलैया रोज सकाळी तोच असतो! हे फक्त वाचून सुचलं नसतं. यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. म्हणूनच अशा विभागांना जुनी यंत्रं चालू स्थितीत जपून ठेवावी लागतात. कोलोरॅडो विद्यापीठात, बोल्डरला, लोरी एमरसन यांनी २००९ साली सुरू केलेली माध्यम-पुरातत्त्व प्रयोगशाळा याचसाठी आहे. तिथल्या वस्तू काचेआड नाहीत, हाताळायला आहेत.

त्यानंतर इतिहास आपोआप येतो. बेसिक ही भाषाच मुळात शिकवण्यासाठी जन्मली: डार्टमथ कॉलेजात १९६४ साली केमेनी आणि कुर्ट्झ यांनी ती गणित-विज्ञानाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी रचली. कर्णरेषेने दुभागलेल्या चौकोनी फरशा किती तऱ्हांनी मांडता येतील, हे सेबास्तियाँ त्रुशे याने १७०४ सालीच अभ्यासलं होतं. रीस यांनी बेन फ्राय यांच्यासोबत २००१ साली एमआयटीतच सुरू केलेली ‘प्रोसेसिंग’ ही चित्रकारांसाठीची भाषाही पुस्तकात कामी येते; ओळीची नवी रूपं त्यांनी तीत करून पाहिली आहेत.

एका ओळीला एवढं पाल्हाळ कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण हा अभ्यास जमला याचं एक साधं कारण आहे: ओळ उघडी होती आणि यंत्र विकत मिळत होतं. फोनवर पुढचा व्हिडिओ कोणता दाखवायचा हे ठरवणारा प्रोग्राम कंपनीच्या ताब्यात असतो, आणि त्यातला अर्धविराम काढून बघायची सोय विद्यापीठाला सहसा नसते. तिथे संशोधक खोटी खाती उघडतात, ठरवून काही व्हिडिओ बघतात, समोर काय येतं ते टिपून ठेवतात आणि आतल्या नियमांचा बाहेरून अंदाज बांधतात.