पाण्यातला घाट

नाशिककर गोदावरीला गोदावरी म्हणत नाही. तो ‘गंगेवर जाऊन येतो’. या गंगेवर पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक जात येत राहिली आहे, चित्रकारांची. त्यांना तीर्थ नको असतं. त्यांना हवं असतं पाण्यात उतरलेलं देऊळ.

एकाच दृश्याकडे परतण्याचं हे वेड नाशिकपुरतंच नाही. स्वित्झर्लंडमधल्या ल्यूसर्न सरोवराकाठी बसून इंग्रज चित्रकार टर्नर एकच रिगी डोंगर पुन्हापुन्हा पाहत राहिला. 1842 मध्ये त्याने रिगी निळा रंगवला, लाल रंगवला, काळोखातलाही रंगवला. डोंगर तोच, वेळ निराळी. आपल्याकडे ही करामत गोदावरीच्या पात्रातलं रामकुंड करतं.

कारण भूगोलात आहे. ब्रह्मगिरीवरून पूर्वेकडे निघालेली नदी इथे दक्षिणेला वळते. पश्चिमेला जुनं नाशिक, पूर्वेला पंचवटी. सकाळी सराफ बाजाराच्या अंगाने बसलात तर सूर्य पंचवटीमागे असतो. पंचवटीकडच्या नारोशंकर मंदिराचं शिखर नुसती काळी आकृती होतं आणि सगळा उजेड पाण्यावर सांडतो. तोच सूर्य पश्चिम काठावरच्या सुंदरनारायण मंदिराला मात्र समोरून भिडतो. दुपारनंतर बाजू पालटतात. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा सोडायचा असतो. ओल्या पायरीवरची चमक म्हणजे न रंगवलेली पट्टी. ती एकदा बुजली की परत आणता येत नाही.

समोरचं दगडकामही चित्रासाठीच मांडल्यासारखं आहे. रामकुंड 1696 चं, नारोशंकराचं मंदिर 1747 चं, सुंदरनारायण 1756 चं. नारोशंकराची घंटा 1739 च्या वसई विजयातली, पोर्तुगीज बनावटीची. पूर या घंटेपर्यंत चढला की ती वाजते, असं जुने लोक सांगत. पुराची खरी मोजपट्टी मात्र पात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला की छातीला, यावर गावाची काळजी ठरते.

मुंबईकर चित्रकारांना नाशिक जवळ केलं ते आगगाडीनं. वाटेतल्या थळ घाटाची चढण 1865 मध्ये रुळांखाली आली. 1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या परंपरेत निसर्गचित्र म्हणजे जागेवर बसून करायचं काम. त्यासाठी घाट, वाडे आणि माणसांची वर्दळ एका नजरेत देणारं हे गाव सोयीचं होतं. गावानेही स्वतःचे चित्रकार घडवले. वा. गो. कुलकर्णी यांनी कलानिकेतन ही चित्रकलेची संस्था उभी केली. शिवाजी तुपे यांच्या जलरंगांत जुनं नाशिक उतरलं.

ही चित्रं आज मला पुराव्यासारखी वाटतात. गंगापूर धरण झाल्यापासून नदीचं पाणी किती असावं हे पावसाइतकंच धरणाचे दरवाजे ठरवतात. 2003 च्या कुंभमेळ्याच्या आगेमागे पात्रातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट आलं. त्याने झरे बुजले, अशी तक्रार घेऊन गोदाप्रेमी उच्च न्यायालयापर्यंत गेले. काँक्रीट काढायचं तर आधी तिथे काय होतं, हे कळायला हवं. पायरी किती रुंद होती, ओटा कुठे होता, पाणी कुठवर टेकत होतं? नकाशा हे क्वचितच सांगतो. समोर बसून, डोळा बारीक करून पाहणारा चित्रकार ते नकळत नोंदवून जातो. तो एखादं झाड पदरचं घालील, मान्य. पण एकाच कोनातून वेगवेगळ्या हातांनी केलेली दहा चित्रं शेजारी ठेवली, तर दहाही चित्रांत असलेली पायरी खोटी नसते.

2027 चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे. घाटावर पुन्हा यंत्रं येतील. नाशिककरांच्या घरांत, शाळांत, वाचनालयांत भिंतीवर घाटाची जुनी चित्रं आहेत. ती उतरवून त्यांची छायाचित्रं घ्या, मागे तारीख असेल तर टिपा आणि एका ठिकाणी जमवा. घाटाच्या एका दगडाला हात लावण्याआधी ती पाहायला हवीत.