टायमिंग चेन: आकडा नको, पुरावा बघा

टायमिंग बेल्टला बदलण्याची मुदत असते. चेनला बहुतेक कंपन्या ती देत नाहीत. त्यामुळे ‘लाखभर किलोमीटर झाले, बदलून टाका’ एवढ्यावर हजारो रुपये घालू नयेत. ऑइल वेळेवर बदललं नाही की चेनच्या पिना आणि बुश झिजतात, लांबी वाढते. थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद येणारा खडखडाट नुसत्या टेन्शनरचाही असू शकतो, हे मान्य. पण जोडीला स्कॅनरवर क्रँक-कॅमचा मेळ चुकल्याचा पी००१६ कोड आला, आणि सेन्सर, वायरिंग, ऑइल ठीक निघालं, तर चालढकल नको. चेन दात सोडून सरकली तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. चेन बदलताना टेन्शनर आणि गाइडही नवे बसवून घ्या.